कुलूप कार्डिफचं, तिजोरी लंडनची

ब्रिटनच्या कोविड चौकशीचा दुसरा अहवाल २०२५च्या नोव्हेंबरात आला आणि इथल्या आपल्या मंडळींत जुना वाद पुन्हा पेटला. 'फार थोडं, फार उशिरा' हा शेरा त्यात चारही सरकारांवर होता : लंडन, एडिंबरा (स्कॉटलंड), कार्डिफ (वेल्स) आणि बेलफास्ट (उत्तर आयर्लंड). झालं, एक गट म्हणाला, वेल्सचे तेव्हाचे मुख्यमंत्री ड्रेकफर्ड काय नि ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान जॉन्सन काय, एकाच माळेचे मणी. दुसऱ्याचं म्हणणं, निदान आमच्या वेल्सच्या माणसाने लॉकडाऊनमध्ये पार्ट्या तरी झोडल्या नाहीत, बायको आणि सासूला लागण नको म्हणून परसातल्या खोपट्यात राहिला तो. हे खरंच आहे. पण माणूस साधा होता म्हणून त्याचं सरकार बरोबर ठरत नाही, आणि लंडनइतकंच चुकलं म्हणून दोघांचा हिशोब एकच होत नाही. व्हॉट्सअॅपवर हे सगळं लिहिणं जमेना, म्हणून इथे लांबण लावतोय.

मी कार्डिफमध्ये छोट्या हॉटेलांचे आणि दुकानांचे पगार करतो. म्हणजे महिनाअखेरीला कोणाला किती, कर किती, सरकारी योजनेतून परत किती मिळणार, हे बघणं. त्यामुळे या सगळ्याकडे मी पगाराच्या खिडकीतूनच बघणार, हे आधीच सांगून टाकतो.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं मागचं. वेल्सला स्वतःची विधानसभा मिळाली ती १९९७च्या सार्वमताने, तेही जेमतेम ५०.३ टक्क्यांनी. १९९९पासून ती चालू आहे, आज तिला सेनेद म्हणतात. आरोग्य, शिक्षण, नगरपालिका कार्डिफकडे. बेकारभत्ता, सीमा, बहुतेक कर आणि कर्ज काढायची खरी ताकद लंडनकडे. कोविड येईपर्यंत हे इथल्या सामान्य माणसालाही धड माहीत नव्हतं. १० मे २०२०ला जॉन्सन टीव्हीवर आले, 'घरातच राहा'चं त्यांनी 'सावध राहा' केलं, आणि तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की हे फक्त इंग्लंडसाठी आहे. साताऱ्याहून मावशीचा फोन, "अरे, तुमचं उघडलं म्हणे!" मावशी, आमचं नाही, शेजारचं उघडलंय. लॅनिमिनेक नावाचं एक गाव आहे, सीमा त्याच्या मुख्य रस्त्यातूनच जाते. रस्त्याच्या या अंगाला एक कायदा, त्या अंगाला दुसरा. पुढे जूनभर वेल्समध्ये 'पाच मैलांच्या आत राहा' असं चाललं होतं, आणि इंग्लंडात लोक गाड्या काढून समुद्रावर निघाले होते.

इथवर कार्डिफ स्वतंत्र दिसतं. पण लक्षात घ्या, 'घरात राहा' म्हणायला पैसे लागत नव्हते, कारण घरी बसलेल्यांचा पगार लंडनच्या फर्लो योजनेतून येत होता. दोन्ही सरकारं एकाच वेळी बंद होती तोवर ठीक. खरी परीक्षा आली ऑक्टोबरात, वेल्सला एकट्याने बंद व्हायचं होतं तेव्हा.

१९ ऑक्टोबर २०२०, सोमवार. ड्रेकफर्डनी फायरब्रेक जाहीर केला : शुक्रवार २३ तारखेला संध्याकाळी ६ पासून ९ नोव्हेंबरपर्यंत सगळं बंद. लंडनच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी २१ सप्टेंबरला असाच छोटा लॉकडाऊन सुचवला होता आणि जॉन्सननी तो बाजूला ठेवला होता. म्हणजे सल्ला शहाणपणाचा होता, आणि कार्डिफने तो महिनाभर उशिरा का होईना, घेतला.

आता माझ्या टेबलावर काय आलं ते बघा. जुनी फर्लो योजना ३१ ऑक्टोबरला संपणार होती, आणि तिच्यात नवा माणूस घालताच येत नव्हता. जून अखेरीपर्यंत जो एकदा तरी फर्लोवर गेला होता, त्यालाच पुन्हा घेता येत होतं. १ नोव्हेंबरपासून ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री सुनक यांची नवी योजना येणार होती, त्यात बंद धंद्यातल्या माणसाला पगाराचे ६७ टक्के. फायरब्रेक या दोन योजनांच्या बरोबर मध्ये पडला. सिटी रोडवरच्या एका हॉटेलवाल्याने ऑगस्टमध्ये, सगळं उघडल्यावर, दोन वेटर आणि एक भांडी घासणारा ठेवला होता. त्यांचं २३ ते ३१ ऑक्टोबरचं काय? जुन्या योजनेत ते बसत नाहीत, नवी अजून सुरू नाही. त्याचा फोन आला, "भाई, इन लोगों को क्या बोलूं?" मी तरी काय सांगणार, मीसुद्धा तेच शोधत होतो. शिवाय ऑक्टोबरात जुन्या योजनेत सरकार ६० टक्के देत होतं, वरचे २० मालकाने घालायचे. ज्या मालकाच्या गल्ल्यात दोन आठवडे एक पौंड यायचा नाही, त्याने.

ड्रेकफर्डनी लंडनला लिहून मागितलं होतं की नवी योजना आठवडाभर आधी, २३ तारखेपासून, सुरू करा. वेल्सपुरती करा, लागतील ते वरचे पैसे आम्ही घालतो. उत्तर आलं, शक्य नाही, कर खात्याच्या यंत्रणेला इतक्या लवकर जमणार नाही.

आणि मग ३१ ऑक्टोबर उजाडला. शनिवार. संध्याकाळी जॉन्सन टीव्हीवर आले आणि इंग्लंडचा लॉकडाऊन जाहीर केला. त्याच दमात, काही तासांत संपणारी फर्लो योजना वाढवली, पुन्हा ८० टक्के, नवे लोकही चालतील. सुनक यांची नवी योजना सुरू व्हायच्या आदल्या रात्री गुंडाळली गेली. जे वेल्ससाठी आठवड्याभरात जमत नव्हतं, ते इंग्लंडसाठी एका संध्याकाळीत जमलं. ती शनिवारची रात्र मी पगाराचे तक्ते पुन्हा करण्यात घालवली. चीड आली होती, आजही येते.

कुणी म्हणेल, लंडनने वेल्सला हमीचा निधी आधीच दिला होता ना? दिला होता. त्यातून कार्डिफने फायरब्रेकसाठी ३० कोटी पौंडांची मदत काढली, छोट्या दुकानांना १ हजार, मध्यम दुकानांना आणि हॉटेलांना ५ हजार पौंड. पण हे अनुदान दुकानाच्या मालकाला. भांडी घासणाऱ्याच्या खात्यात पगार पडायची यंत्रणा लंडनची, आणि तिची कळ तिथेच. चूल सुनेच्या गळ्यात आणि किल्ल्या सासूच्या कमरेला, असा हा कारभार. घर उपाशी राहिलं की मात्र विचारणा सुनेला.

असंच आणखी एक. मे २०२०मध्ये वेल्स सरकारने वृद्धाश्रमांत आणि घरोघरी सेवा करणाऱ्यांना ५०० पौंड जाहीर केले. कार्डिफने लंडनला विनवलं की यावर कर लावू नका. लंडनने लावला. कार्डिफने दिलेल्या बक्षिसातला वाटा परत लंडनच्या खजिन्यात. माझ्या एका ग्राहकाच्या बायकोच्या पगारचिठ्ठीवर ती कपात मी स्वतः पाहिली.

आपल्याकडच्यांना हे नवं वाटायला नको. त्याच वर्षी, २०२०च्या ऑगस्टमध्ये, केंद्राने जीएसटीच्या भरपाईवरून 'दैवी आपत्ती' म्हणत हात वर केले होते आणि राज्यांना कर्ज काढा म्हणून सांगितलं होतं. ऑक्टोबरात अखेर केंद्रच राज्यांसाठी कर्ज काढायला तयार झालं. पुढच्या वर्षी १ मेपासून १८ ते ४४ वयाच्या लोकांची लस राज्यांनी विकत घ्यावी असं ठरलं. महाराष्ट्र १२ कोटी डोसांचे पैसे एकाच चेकने द्यायला तयार होता, पण बाजारात लसच नव्हती. जूनमध्ये ती जबाबदारी केंद्राने परत घेतली. पाट्या वेगळ्या, खेळ तोच : अधिकार खाली ढकलायचा, साधन वर ठेवायचं.

आता इथवर वाचून ड्रेकफर्डचे चाहते खूश झाले असतील. थांबा जरा.

फायरब्रेक ९ नोव्हेंबरला संपला. त्याच्या चार दिवस आधी, ५ तारखेला, लंडनने फर्लो थेट मार्च २०२१पर्यंत वाढवला होता. म्हणजे पैशाचा अडथळा नेमका तेव्हाच दूर झाला होता. आणि कार्डिफने काय केलं? सगळं उघडलं. पबसुद्धा. आकडे थोडे खाली आले होते, ते पुन्हा चढायला लागले. ४ डिसेंबरपासून पबमध्ये दारू बंद आणि सहाला शटर खाली, असा अर्धवट उपाय. डिसेंबरच्या मध्यावर वेल्समधली लागण ब्रिटनमध्ये सगळ्यांत जास्त होती. इंग्लंडच्या केंट भागात सापडलेला विषाणूचा नवा प्रकार होता हे मान्य, पण दार उघडं तुम्हीच टाकलं होतं. २० डिसेंबरपासून पुन्हा कडकडीत बंद. या सहा आठवड्यांचं खापर लंडनवर फोडता येत नाही. तिजोरी उघडी होती आणि कार्डिफने कुलूप काढलं.

वृद्धाश्रमांचंही तेच. इंग्लंडने एप्रिलच्या अखेरीला तिथल्या सगळ्यांच्या चाचण्या करायचं जाहीर केलं, तेव्हा ड्रेकफर्ड म्हणत होते की लक्षणं नसलेल्यांच्या चाचण्यांचा उपयोग नाही. मग मेच्या मध्यावर त्यांनीही सुरू केल्या. मधले आठवडे गेले ते गेलेच. दुकानात मास्कची सक्ती इंग्लंडमध्ये २४ जुलैला, वेल्समध्ये १४ सप्टेंबरला. मास्कला कुठे सुनक यांची सही लागत होती?

फायरब्रेकमध्ये सुपरमार्केटातल्या 'अनावश्यक' वस्तूंवर पट्ट्या लावल्या होत्या, तो प्रकार तर विचारूच नका. लहान कपड्याची दुकानं बंद असताना मोठ्यांनी कपडे विकू नयेत, हा हेतू चांगला होता. पण प्रत्यक्षात दूध घ्यायला गेलं की मधली अख्खी रांग प्लास्टिकने झाकलेली, आणि पोराचे मोजे त्या प्लास्टिकच्या आत. केटल आवश्यक की अनावश्यक, यावर सरकारची पत्रकार परिषद. हजारो लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. सरकारवरचा विश्वास अशा मोज्यांपायी जातो.

बरं जे होतं तेही सांगायला हवं. इंग्लंडने संपर्क शोधायचं काम खासगी कंपन्यांच्या कॉल सेंटरांना दिलं, वेल्सने नगरपालिकांना आणि स्थानिक आरोग्य मंडळांना. गल्ली माहीत असलेला माणूस फोन करतो तेव्हा लोक उचलतात. सुट्टीतल्या शाळेच्या जेवणाचं आश्वासन वेल्सने आधी दिलं, इंग्लंडला त्यासाठी एका फुटबॉलपटूने भाग पाडावं लागलं. लसीकरणात सुरुवात रडतखडत झाली, आणि जानेवारी २०२१मध्ये 'लस पुरवून पुरवून वापरतोय' अशा थाटाचं ड्रेकफर्डचं बोलणं अंगाशी आलं. पण उन्हाळ्यापर्यंत वेल्स जगात पुढे होता. लस लंडनने विकत घेतली, टोचली कार्डिफने. दोघांनी आपापलं काम केलं की काय होतं त्याचं हे उदाहरण. मे २०२१च्या सेनेदच्या निवडणुकीत ड्रेकफर्ड यांच्या लेबर पक्षाला ६०पैकी ३० जागा मिळाल्या, त्यात या लसीचा वाटा मोठा होता असं माझं मत.

आणि एक गंमत, नोंद असावी म्हणून. ऑक्टोबर २०२१मध्ये सेनेदमध्ये कोविड पासचं, म्हणजे नाईट क्लबसारख्या गर्दीच्या ठिकाणी शिरायला लागणाऱ्या लस किंवा चाचणीच्या दाखल्याचं, मतदान झालं. २८ विरुद्ध २७ ने पास मंजूर. विरोधी बाकावरच्या एका सदस्याला झूम लागेना, म्हणून त्याचं मत पडलंच नाही. ३१ लाख लोकांच्या देशाचा कायदा वायफायवर ठरला.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. २३ ते ३१ ऑक्टोबरच्या पगाराचा जो खड्डा पडला तो लंडनने पाडला, आणि नोव्हेंबर-डिसेंबरचं जे झालं ते कार्डिफने केलं. हे वेगळं काढता येतं. तारखा आहेत, पत्रं आहेत. पण वेगळं काढायची वेळ आली तेव्हा ड्रेकफर्डनीच पाय मागे घेतला. स्कॉटलंडने स्वतःची चौकशी नेमली. वेल्समध्ये माणसं गमावलेल्या कुटुंबांनी तशीच मागणी वर्षानुवर्षं केली आणि कार्डिफने दर वेळी सांगितलं की ब्रिटनच्या चौकशीत आमचंही बघतील, लंडनचे निर्णय बघितल्याशिवाय आमचे कळणार नाहीत. जो मुख्यमंत्री दोन वर्षं सतत 'वेल्समध्ये आम्ही आमचं ठरवतो' असं सांगत होता, त्याचं सरकार हिशोब द्यायच्या वेळी लंडनच्या पदराआड गेलं. मला हे पट्ट्या लावलेल्या मोज्यांपेक्षा आणि उघड्या पबपेक्षाही जास्त खटकतं.

शेवटी ब्रिटनची चौकशी कार्डिफला आली, २०२४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि वेल्स सरकारच्या मुख्य निर्णयांची सुनावणी तीन आठवड्यांत उरकून गेली. कमेंटमध्ये भांडायला या, पण तारखा घेऊन या.