जॅकरॅबिट आपली पिल्लं टाकून देत नाही

गेले काही महिने एकच मेसेज माझ्याकडे फिरून फिरून येतोय. आधी इथल्या, टूसॉनच्या मराठी ग्रुपवर आला, मग पुण्याहून मावशीने पाठवला, परवा शाळेच्या ग्रुपवर पुन्हा दिसला. मेसेज थोडक्यात असा: ‘जॅकरॅबिट हा अमेरिकेतला सगळ्यात मोठा रॅबिट. वाळवंटात बीळ करून राहतो. लांबचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याला एवढे कान. म्हातारपणी काही नरांना शिंगं फुटतात. तो सुसाट सुटतो म्हणून इंग्रजीत दमदार सुरुवातीला जॅकरॅबिट स्टार्ट म्हणतात. तुम्हीही आयुष्याची सुरुवात तशीच करा. पण त्याची आई पिल्लांना जन्मताच उघड्यावर टाकून निघून जाते. आपल्या आईची किंमत ओळखा.’

मी ॲरिझोनात अकरा वर्षं राहते आणि हे प्राणी रोज बघते. बाकीच्या चुका एक वेळ सोडून दिल्या असत्या. शेवटचं वाक्य मात्र सोडवत नाही, कारण ते खरं मानून लोक पिल्लं उचलतात आणि ती मरतात.

पहिला मुद्दा, रॅबिट. नावात रॅबिट असलं तरी जॅकरॅबिट हा रॅबिट नव्हे, हेअर आहे. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो, त्यामुळे हा फरक आपल्याला पटकन जाणवत नाही. आपल्या माळरानावर, उसाच्या फडात दिसणारा, मानेवर काळा डाग असलेला ससा आणि जॅकरॅबिट हे दोघंही लेपस या एकाच वंशातले. दुकानात पिंजऱ्यात मिळतो तो पांढराशुभ्र ससा वेगळा. तो मूळचा युरोपातला, खरा रॅबिट. जॅकरॅबिटचे कान गाढवासारखे म्हणून गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याला ‘जॅकॲस रॅबिट’ म्हटलं, आणि तेच नाव पुढे आखूड झालं. बिळाचंही तसंच. हा प्राणी झुडपाच्या बुडाशी उथळ खळगा करून त्यात अंग चोरून बसतो. कडक उन्हाळ्यात काळ्या शेपटीचा जॅकरॅबिट कधी कधी आखूडसं बीळ उकरतो, पण ते उन्हापुरतं. तिथे तो संसार मांडत नाही.

कान ऐकण्यासाठी आहेतच, पण ही अर्धीच गोष्ट झाली. आमच्याकडे दक्षिण ॲरिझोनात अँटिलोप जॅकरॅबिट सापडतो, त्याचे कान बघण्यासारखे असतात. सकाळी सातच्या सुमाराला सूर्य त्याच्या पाठीमागे असला की कान उजळून गुलाबी दिसतात आणि आतल्या शिरांचं जाळं पानाच्या शिरांसारखं स्पष्ट मोजता येतं. हीच त्याची उष्णता बाहेर टाकायची सोय. हवा अंगापेक्षा गार असली की शिरा रुंदावतात, जास्त रक्त कानात येतं आणि निवून परत जातं. जूनमध्ये पारा ४० च्या वर गेला की उलटं होतं, कारण तेव्हा कान उष्णता आत ओढून घेतील. मग शिरा आकसतात आणि हा दिवसभर सावलीत दगडासारखा बसून राहतो. प्यायला पाणी मिळेलच असं नाही. निवडुंग, मेस्किट, गवत यांतूनच त्याला ते मिळवावं लागतं. घाम गाळून किंवा धापा टाकून अंग गार करणं त्याला परवडत नाही.

शिंगांबद्दल फार लिहायला नको. आपल्याकडे अशक्य गोष्टीला शशशृंग म्हणतातच. शिंगवाल्या सशाचे फोटो फिरतात ते बहुतेक पेंढा भरलेल्या सशांचे. वायोमिंगमधल्या डग्लस गावी १९३२ च्या सुमाराला डग्लस हेरिक आणि त्याच्या भावाने मेलेल्या जॅकरॅबिटच्या डोक्यावर हरणाची शिंगं बसवली आणि ‘जॅकलोप’ विकायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या कॉटनटेल रॅबिटांना एका विषाणूमुळे शिंगांसारख्या गाठी येतात, हे खरं आहे. तो विषाणू रिचर्ड शोप यांनी १९३३ मध्ये शोधला. पण तो आजार आहे. त्या गाठी तोंडापाशी वाढल्या तर जनावर उपाशी मरतं.

आता ‘जॅकरॅबिट स्टार्ट’. हा शब्द कौतुकाचा नाहीच. सिग्नल हिरवा झाल्याबरोबर ॲक्सिलरेटर दाबून गाडी उडवणाऱ्या ड्रायव्हरबद्दल तो तक्रारीने वापरतात. माझ्या ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की असं करायचं नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने अशी गाडी पळवणं आणि करकचून ब्रेक मारणं यामुळे थांबत-थांबत जाणाऱ्या रहदारीत मायलेज १० ते ४० टक्क्यांनी घसरतं. माणूस ‘जॅकरॅबिट’ झाला म्हणजे त्याने अचानक धूम ठोकली, एवढाच क्रियापदाचा अर्थ. मुलांना ‘आयुष्याची जॅकरॅबिट स्टार्ट घ्या’ असं सांगणं म्हणजे शब्दाचा अर्थच उलटा लावणं.

आणि खुद्द प्राणीही तसा वागत नाही. त्याचा पहिला डाव हलायचं नाही हा. कान पाठीवर चपटे पाडून तो मातीत मिसळून जातो, तुम्ही चार पावलांवर आलात तरी. अगदीच गळ्याशी आलं तर उठतो, आणि मग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेगाने, नागमोडी वळणं घेत, मध्येच उंच उडी मारून मागे बघत पळतो. कायोटीला, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या शिकारी प्राण्याला, चकवायला हे पुरतं, माणसांच्या रिंगणाला नाही. १९३० च्या दशकात, धुळीच्या वादळांच्या त्या वर्षांत, पश्चिम कॅन्ससमध्ये गावंच्या गावं रांग धरून निघायची, पिकं खाणारे हजारो जॅकरॅबिट कुंपणात हाकायची आणि दांडक्यांनी मारायची. शेतकरी भुकेला होता हे मला कळतं. तरी ते फोटो बघितल्यापासून ससेहोलपट हा शब्द मला सहज वापरता येत नाही.

राहिली आई. रॅबिटची पिल्लं बिळात, उघडीनागडी, डोळे मिटलेली जन्मतात, साधारण महिनाभराच्या गर्भारपणानंतर. जॅकरॅबिटची मादी सुमारे सहा आठवडे पोटात वाढवते, म्हणून तिची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच येतात आणि थोड्याच वेळात उड्या मारू लागतात. त्यांच्या अंगाला वास जवळजवळ नसतो, आईच्या अंगाला असतो. ती दिवसभर शेजारी बसली तर कायोटीला पत्ताच मिळेल. म्हणून ती लांब राहते आणि अंधारात येऊन पाजते.

गेल्या एप्रिलमध्ये ओळखीच्यांच्या मुलीने असंच एक पिल्लू घरी आणलं होतं. ‘आईने टाकलंय, मेसेजमध्ये होतं,’ म्हणाली. बुटाच्या खोक्यात, डोळे टक्क उघडे, नाकपुड्या भराभर हलत होत्या. संध्याकाळच्या आत आम्ही ते त्याच क्रिओसोटच्या झुडपाखाली ठेवलं आणि लांब गाडीत बसून राहिलो. शेवटचा उजेड उरला असताना दोन कान आले, थांबले, पुन्हा पुढे सरकले. ती पिल्लावर ओणवी झाली, चार-पाच मिनिटं तशीच राहिली आणि निघून गेली. मुलगी गाडीत तोंडावर हात धरून बसली होती.

गावाकडे ऊसतोडीत पिल्लं सापडतात तेव्हाही हेच लागू आहे, कारण आपल्या रानसशाची आईही अशीच वागते. पिल्लू एकटं दिसलं तर हात लावू नका, कुत्रं बांधून ठेवा. उचललं असेल तर त्याच दिवशी, त्याच जागी परत ठेवा. फड तुटला असेल तर लगतच्या बांधावर, आडोशाला. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू नाकारत नाही. गाईचं दूध पाजू नका, त्याने पोट बिघडून पिल्लं मरतात. जखम असेल तर महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा नंबर लावा. आणि तो मेसेज आलाच तर पुढे पाठवू नका.