जवळीक सीटमध्ये शिवता येत नाही

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. म्हणे, आलिशान गाडीचं इंटिरिअर आकर्षण वाढवतंच. लेदरच्या वासानं फेरोमोन (एका जीवानं सोडलेली, त्याच जातीच्या दुसऱ्याला खुणावणारी रसायनं) जागे होतात, गरम सीटमुळे मनातही ऊब येते, आणि केबिनच्या शांततेत दोघं आपोआप जवळ येतात. वर 'हे विज्ञानानं सिद्ध झालंय' अशी पुस्ती. मी गाड्यांच्या सीटा उसवून पुन्हा शिवतो. महागड्या गाड्याही हाताखालून जातात, म्हणून गप्प बसवलं नाही.

वासाचा मुद्दा लगेच निकालात निघतो. फेरोमोन हा शब्द १९५९ सालचा. त्याच वर्षी रेशमाच्या पतंगातलं असं पहिलं रसायन ओळखलं गेलं. माणसाचं एकही फेरोमोन अजून निर्विवादपणे सापडलेलं नाही. नव्या गाडीचा वास बराचसा फोम, गोंद आणि प्लास्टिकमधून उडणाऱ्या रसायनांचा असतो. लेदरचं म्हणाल, तर गाडीतल्या बहुतेक लेदरवर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा थर असतो. बोट लागतं ते त्या थराला.

गरम सीटची गोष्ट २००८च्या एका प्रयोगावरून आलेली दिसते. हातात गरम कॉफीचा कप धरलेल्यांना अनोळखी माणूस जास्त प्रेमळ वाटला, असा तो निष्कर्ष. पुढे जास्त लोकांवर हे प्रयोग पुन्हा केले, तेव्हा तो परिणाम दिसलाच नाही. सीट गरम झाली की कंबरेला बरं वाटतं, एवढं मात्र खरं.

मग पुरावा म्हणून दिला जाणारा, बेंटली या महागड्या गाडीचा प्रयोग. हा खरा आहे, २०१० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेला. एकाच पुरुषाचा फोटो एकदा चंदेरी बेंटली कॉन्टिनेन्टलमध्ये, एकदा लाल फोर्ड फिएस्टामध्ये. बायकांना तो बेंटलीत जास्त देखणा वाटला. पुरुषांनी बाईचे तसेच फोटो पाहिले, तर गाडीनं काहीच फरक पडला नाही. पण गुण देणाऱ्यांपैकी कुणी त्या गाडीत बसलं होतं का? सीटला हात तरी लावला होता का? सगळं फोटोवरून. पैशाची छाप पडते, हे मला मान्य आहे. त्याचं श्रेय इंटिरिअरला कसं जातं?

शांततेबद्दल तर खुद्द रोल्स-रॉइसचंच ऐका. २०२०च्या घोस्टमध्ये त्यांनी आवाज शोषणारं १०० किलोहून जास्त साहित्य भरलं. केबिन इतकी निःशब्द झाली की बसणाऱ्याला गांगरल्यासारखं व्हायला लागलं, म्हणून मुद्दाम एक हलका सूर शिल्लक ठेवला.

आता मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. पूर्वी बऱ्याच गाड्यांना पुढे सलग बाक असायचा, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, त्यामुळे शेजारचा माणूस सरकून जवळ बसू शकायचा. आज गाडी जितकी महाग, तितका मधला कन्सोल, म्हणजे दोन सीटांमधला खोका, रुंद. सीटच्या दोन्ही कडा उंच, अंगाला धरून ठेवणाऱ्या. सगळ्यात महागड्या गाड्यांत तर मागेही दोन वेगळ्या सीटा आणि मध्ये कन्सोलची भिंत. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत मधल्या आर्मरेस्टचं झाकण बघा: ड्रायव्हरकडची अर्धी बाजू कोपर घासून चकाकते, शिवण तिथंच उसवते. उरलेली अर्धी नव्यासारखी कोरी.

शेजारी बसून, नजर रस्त्यावर ठेवून अवघड गोष्टी बोलणं सोपं जातं, हा माझाही अनुभव आहे. पण ते कुठल्याही गाडीत होतं. १९९७च्या एका प्रयोगात अनोळखी जोड्यांना पाऊण तास एकमेकांना प्रश्न विचारायला लावले. हळूहळू मनातलं बाहेर काढणारे प्रश्न मिळालेल्या जोड्यांतल्या दोघांना वरवरच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली.

मागे एक काका जुनी छोटी गाडी घेऊन आले होते. काकूंची पाठ दुखते म्हणून फक्त त्यांच्या बाजूचा फोम बदलायचा होता. तीन वेळा त्यांना बसवून, स्वतः हातानं दाबून बघितलं, तेव्हा कुठे मला कव्हर चढवू दिलं. स्वतःच्या सीटचं फाटलेलं कापड तसंच ठेवून गेले.