‘पाच लाख नसतील तर आफ्रिका विसरा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सध्या सोसायटीच्या, शाळासोबत्यांच्या, मामे-मावस भावंडांच्या अशा सगळ्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण सूर मात्र आफ्रिका कोळून प्यायल्याचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: केनियाची सफारी आणि जोडीला समुद्रकिनारा हे माणशी पाच लाखांखाली जमत नाही. जुलै ते ऑक्टोबर सोडून गेलात तर पैसे पाण्यात. स्वस्तातल्या टूरमध्ये प्राण्याची शेपटीसुद्धा दिसत नाही. किनारा पाहायचा तर झांझिबारच. शाकाहाऱ्यांचे हाल होतात. आणि पिवळ्या तापाच्या लशीचं काय ते ‘विमानतळावर बघून घेतात’.

यातली दोन विधानं अर्धी खरी आहेत, एक चक्क धोक्याचं आहे, बाकी ऐकीव. एकेक घेऊ.

‘माणशी पाच लाखांखाली होत नाही’

हा आकडा कुठून आला ते कळतं. ऑगस्ट महिना, नैरोबीहून छोट्या विमानाने थेट मसाई मारा या केनियाच्या अभयारण्यात उतरणं, पार्कातलं लॉज आणि पुढे झांझिबारला पाण्यालगतचं रिसॉर्ट. असं केलं तर पाच लाख होतात, जास्तही होतात. पण तो त्या एका सहलीचा भाव झाला.

सफारीचा खर्च मुळात तीन गोष्टी ठरवतात: गेटची फी, गाडीत माणसं किती आणि मुक्काम गेटच्या आत की बाहेर. गादी किती मऊ, हे त्यानंतर.

ताडोबाला जाणाऱ्यांना सवय असते की जिप्सीचं एकूण बिल सहा जणांत वाटून टाकायचं. मारात गाडी वाटून घेता येते, गेटची फी येत नाही. ती दरडोई आणि दर दिवसाची. २०२४ पासून परदेशी प्रौढ पाहुण्याला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर पडतात. शिवाय तिकीट चालतं सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. दुपारी तीनला पोचून ‘चला, एक चक्कर मारून येऊ’ म्हटलंत की त्या दीड-दोन तासांचे अख्ख्या दिवसाचे पैसे गेले.

आता नेहमीचं ‘तीन दिवस, दोन रात्री’ पॅकेज उघडून बघा. पहिल्या संध्याकाळी एक चक्कर, दुसरा दिवस पूर्ण, तिसऱ्या दिवशी सकाळी निघता-निघता अजून एक. म्हणजे तीन तिकिटं. ऑगस्टमध्ये माणशी ६०० डॉलर फक्त गेटवर, आणि धड फिरणं एकाच दिवसाचं. त्यापेक्षा पहिल्या दिवशी नैरोबीहून पाच-सहा तासांचा रस्ता उरकून सेकेनानी किंवा तालेक गेटच्या बाहेरच्या तंबूंच्या कॅम्पात उतरायचं, आत जायचंच नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी डबा बांधून घेऊन उजाडताच आत शिरायचं ते संध्याकाळपर्यंत. चौथ्या दिवशी परत. तिकिटं दोनच, आणि जनावरं हलतात ती पहाटेची आणि सांजेची वेळ दोन्ही दिवस पदरात. तंबू म्हटल्यावर स्काउटचा कॅम्प डोळ्यांपुढे आणू नका. या कॅम्पांत सहसा पलंग, मच्छरदाणी आणि मागच्या बाजूला संडास-बाथरूम असतं. गरम पाणी मात्र ठरावीक वेळी, ते आधी विचारून घ्यायचं.

आकडे मांडू. चौघांचा गट, जूनची सुरुवात, डॉलर ९० रुपयांचा धरू. मुंबई-नैरोबी जाऊन-येऊन विमान साधारण ४५ हजार. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवाना आणलाय, त्याचे ३० डॉलर, म्हणजे २,७००. दोन दिवसांची गेट फी १८ हजार. ड्रायव्हर आणि इंधनासह लँडक्रूझर दिवसाला साधारण २२० डॉलर. चार दिवस, चौघांत वाटून १९,८००. कॅम्पच्या तीन रात्री जेवणासह १३,५००. इथवर ९९ हजार झाले. नैरोबीतल्या दोन रात्री, रेल्वे, किनाऱ्यावरच्या चार रात्री, खाणंपिणं, विमा, लस, टिप आणि किरकोळ धरून आणखी ३५ हजार. एकूण एक लाख पस्तीस हजारांच्या आसपास. विमानाचं तिकीट उशिरा काढलं तर दीड लाख. पाच लाख करायचे तर मुद्दाम प्रयत्न करावे लागतील.

उलट दिशेने फसवणारे मेसेजही असतात, ‘८० हजारांत मारा आणि बीच’ छापाचे. त्यात गेट फी धरलीय का, एवढाच एक प्रश्न विचारा. उत्तर बहुतेक वेळा ‘ती तिथे भरायची’ असं येतं.

‘जुलै ते ऑक्टोबर सोडून जाऊ नका’

अर्धं खरं. शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटी अभयारण्यातून वर आलेले विल्डबीस्टचे (दणकट जातीच्या हरणांचे) कळप मारा नदी ओलांडतात ते याच महिन्यांत, आणि तेच पाहायचं असेल तर दुसरा काळ नाही. पण नदीकाठी तासन् तास बसूनही कळप पाण्यात उतरेलच याची खात्री कोणी देत नाही, आणि तुमच्यासोबत तिथे गाड्यांची रांग लागलेली असते. सिंह, हत्ती, जिराफ, तरस, पाणघोडे मारात बारा महिने राहतात. त्यांना कळपांसोबत टांझानियाला जायचं नसतं.

आपली अडचण वेगळीच आहे: सुट्ट्या. उन्हाळ्याची सुट्टी एप्रिल-मेमध्ये, तेव्हा तिकडे मोठा पाऊस. दिवाळीत गेट फी २०० डॉलर, आणि छोटा पाऊस तोंडावर. नाताळातही २०० च. ३१ डिसेंबरला २०० डॉलर मागणारं गेट १ जानेवारीला १०० वर येतं, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं. शाळेची मुलं सोबत असतील तर जूनचा पहिला पंधरवडा, शाळा उघडायच्या आधीचा, हा मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. तेव्हा पावसाने गवत उंच झालेलं असतं, बिबट्या शोधायला वेळ लागतो, आणि किनाऱ्यावर वारा जरा जोराचा असतो. एवढं चालवून घ्यायचं. मुलांची बेडी नसलेल्यांनी जानेवारी-फेब्रुवारी धरावा: गवत खुरटं, हवा कोरडी, समुद्र शांत आणि फी निम्मी.

‘स्वस्त टूर म्हणजे व्हॅन, आणि व्हॅनमधून काही दिसत नाही’

छप्पर वर उचलणाऱ्या व्हॅनमधूनही सिंह तेवढाच दिसतो. पार्कात रस्ता सोडून गाडी घालायला सगळ्यांनाच मनाई आहे आणि एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत असा नियम आहे. महागड्या गाडीला त्यातून सूट नाही. दिसणं अवलंबून असतं ते ड्रायव्हरच्या नजरेवर आणि वायरलेसवरून येणाऱ्या खबरीवर.

तरी वरच्या हिशेबात मी लँडक्रूझर धरलीय, त्याला कारण माती. मारात बराच भाग काळ्या चिकण मातीचा आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला जास्त सांगायला नको: कोरडी असताना दगड, आणि एक सर आली की चाकाला किलो-किलोचे लगदे. व्हॅन रुतली की अर्धा दिवस गेला, आणि सिंहांच्या इलाक्यात खाली उतरून धक्का मारता येत नाही. फेब्रुवारीत व्हॅन खुशाल घ्या, जूनमध्ये नको.

‘किनारा म्हणजे झांझिबारच’

झांझिबार सुंदर आहे, वाद नाही. पण ते टांझानियात आहे. केनियातून तिथे जायचं म्हणजे दुसरा व्हिसा, ५० डॉलर. वर ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारचा सक्तीचा प्रवास-विमा, ४४ डॉलर. भारतातून काढलेला चालत नाही. म्हणजे विमानभाडं सोडून माणशी साडेआठ हजार वाळूला पाय लागायच्या आधीच गेले. नकाशात मारा आणि सेरेंगेटी चिकटलेले दिसतात म्हणून ‘तिथूनच पलीकडे उतरू’ असंही काही जण ठरवतात. मधली ती सीमा पर्यटकांना १९७७ पासून बंद आहे. विल्डबीस्ट जातात, आपल्याला लांबचा वळसा पडतो. सेरेंगेटीच करणार असाल तर झांझिबार जोडणं योग्य. मारा केलं की किनाराही केनियाचाच घ्यावा: मोम्बासाच्या दक्षिणेचा डियानी.

तिथे जाणं हाच निम्मा आनंद आहे. नैरोबी-मोम्बासा रेल्वेचं साध्या वर्गाचं तिकीट १,५०० शिलिंग, म्हणजे हजारेक रुपये. स्टेशनात शिरण्याआधी सगळ्यांनी आपापल्या बॅगा जमिनीवर एका ओळीत मांडायच्या, मागे सरकून उभं राहायचं, मग पोलिसांचं कुत्रं ओळीने हुंगत जातं. त्यात वेळ जातो, म्हणून तासभर आधी पोचायचं. पुढे पाच-सहा तासांत गाडी त्सावोच्या रानातून जाते आणि तिथल्या लाल मातीने माखलेले हत्ती खिडकीतून फुकटात दिसू शकतात. मोम्बासाहून लिकोनीची फेरीबोट. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे डियानीजवळच्या उकुंडा गावापर्यंत मटाटू, म्हणजे तिकडची वडाप, आणि शेवटचा टप्पा टुकटुकने. हे टुकटुक बहुतेक आपल्याच ओळखीच्या कंपन्यांच्या रिक्षा असतात, त्यामुळे भाड्याची घासाघीस करताना परकं वाटत नाही.

डियानीला पांढरी वाळू आहे, प्रवाळाची भिंत लाटा बाहेरच अडवते, आणि झाडांवर काळी-पांढरी कोलोबस माकडं. त्रास एकच, किनाऱ्यावर मागे लागणारे विक्रेते. हसून नको म्हणायचं आणि चालत राहायचं.

‘शाकाहाऱ्यांचे हाल’

हे वाचून हसू आलं. १८९६ पासून रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून मजूर नेले, त्यांच्यामागोमाग दुकानदार गेले, आणि आज चपाती केनियाच्या कुठल्याही खानावळीत मिळते. सोबत नारळाच्या दुधातला राजमा किंवा परतलेली पालेभाजी. मोम्बासाकडे सकाळच्या न्याहारीला तुरीचे दाणे नारळाच्या रसात शिजवून गोडसर फुगीर पुरीबरोबर देतात. ते चुकवू नका. कॅम्पात मात्र ‘शाकाहारी’ एवढंच सांगून भागत नाही. मासे आणि चिकनचा रस्साही नको, हे बुकिंग करतानाच कळवायचं. घरून खाकरे-चिवडा नेणार असाल तर डब्यात न्या. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे.

‘लशीचं विमानतळावर बघून घेतात’

हे वाक्य ज्याने लिहिलं त्याच्यावर विसंबून कोणी निघू नये. केनियातून परत येताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर प्रमाणपत्र लागू व्हायला दहा दिवस लागतात, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, तिथे आधी नंबर लावावा लागतो, आणि पासपोर्ट सोबत न्यावा लागतो. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. त्याच भेटीत हिवतापाच्या गोळ्यांचंही विचारून घ्यावं, कारण मारा आणि डियानी दोन्हीकडे तो आहे. विमानाचं तिकीट काढलं त्याच दिवशी लशीचा नंबर लावा.