आजार भावाची वाट पाहत नाही

यवतमाळकडच्या बातम्या मी इंग्लंडमध्ये बसून रोज वाचते. शेतकऱ्याने जीव दिला की वाद ठरलेला. एक बाजू म्हणते कापसाला भाव द्या, कर्ज माफ करा. दुसरी म्हणते समुपदेशन करा. पहिल्या बाजूचा राग मला पटतो. नैराश्याचं नाव पुढे करून सरकार भावाच्या प्रश्नातून अंग काढून घेईल, ही भीती खरी आहे. पण कर्जापायी आलेलं नैराश्य हाही आजारच, आणि तो भावाची वाट पाहत बसत नाही.

इथे जीपी, म्हणजे साधा फॅमिली डॉक्टर, शंका आली की दोन प्रश्न विचारतो: गेल्या महिन्यात सारखं उदास, हताश वाटलं का? कशात मन लागेनासं झालं का? 'हो' म्हटलं तर पुढे पीएचक्यू-९ ची नऊ प्रश्नांची यादी. जीव नकोसा होतो का, हेही त्यात स्पष्ट विचारतात. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट माणूस बोलता होतो.

आपल्याकडे कोणी 'उदास आहे' म्हणून पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, येत नाही. "कमजोरी वाटते, डोकं दुखते, रातभर झोप येत नाही," म्हणतात आणि सलाईन लावून घरी जातात. ते दोन प्रश्न तिथेच विचारायला हवेत.

इथलं सगळं छान आहे असं मुळीच नाही. समुपदेशनासाठी कित्येक आठवडे थांबावं लागतं, आणि डॉक्टरला घर माहीत नसतं. आपल्या आशाताईला ते माहीत असतं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना हाताशी धरलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे हे विदर्भात होऊ शकतं, झालेलं आहे.

घोडं अडतं पुढे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. पेरणीच्या धांदलीत गोळी सुटते, कधी पीएचसीतच साठा नसतो. १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करून बोलता येतं, पण गोळी घेतली का हे दारात येऊन विचारणार आशाताईच. त्या प्रत्येक फेरीचा मोबदला तिला मिळालाच पाहिजे. तो मागणाऱ्या मोर्चात कापसाच्या भावाची पाटीही असू द्या.