‘आम्ही दोघे’ एका शब्दात

माझ्या यजमानांना जाऊन या आठवड्यात एक वर्ष पूर्ण झाले. त्यांच्या निळ्या पुठ्ठ्याच्या दोनशे पानी वहीविषयी आणि त्या वहीतून पक्क्या झालेल्या आम्हा दोघांच्या एका मताविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते, ते आज लिहिते आहे.

आमचे गाव अचलपूर तालुक्यात, संत्र्यांच्या बागांचे. अंगणात उभे राहिले की उत्तरेला मेळघाटचे डोंगर दिसतात. ते पोस्टातून निवृत्त झाले, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून. देश पाहायचा हे दोघांच्याही मनात होते, पण बारा दिवसांत तीन राज्ये दाखवणाऱ्या सहलींना जायचे नाही, एका ठिकाणी निदान चार महिने खोली घेऊन राहायचे आणि बाजारात भाव करता येईल इतकी तिथली भाषा शिकायची, असे आम्ही ठरवले. पहिला मुक्काम उडुपीला झाला आणि तुळू थोडीफार कानावर बसली. दुसरा झाला झारखंडमधल्या दुमक्याला, संथाळी शिकण्यासाठी. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ साली या भाषेसाठी ओल चिकी लिपी तयार केली आणि २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. यजमानांनी मात्र वहीत सगळे देवनागरीतच लिहिले: शब्द, त्याचा अर्थ आणि तो कोणाकडून ऐकला ते, पोस्टातल्या नोंदवहीसारखे तीन रकाने आखून.

दुमक्याहून परतल्यावर काही कामासाठी आम्ही मेळघाटातल्या धारणीला गेलो होतो. आठवडी बाजारात एक म्हातारी सीताफळांचे वाटे लावत नातीला मोजायला शिकवत होती: मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई, तुरुई. ‘तुरुई’ ऐकताच यजमानांनी माझा हात धरला. संथाळीतही सहाला तुरुईच म्हणतात. ती दहापर्यंत आली तेव्हा ‘गेल’ म्हणाली, आणि संथाळीतला दहाही गेलच. हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून शिकलेली भाषा ज्या मुंडा भाषाकुळातली, त्याच कुळातली कोरकू आमच्या अंगणातून दिसणाऱ्या डोंगरांत बोलली जात होती, आणि जन्म याच भागात काढूनही आम्हांला तिचा एक आकडा ठाऊक नव्हता.

हे मला फार लागले, कारण नोकरीच्या सुरुवातीची तीन वर्षे मी चिखलदरा तालुक्यातल्या एका शाळेत होते. पहिलीतला एक मुलगा सहा महिने वर्गात तोंड उघडत नव्हता. मी त्याच्यापुढे ‘मंद’ असा शेरा लिहिला. त्याच्या घरी फक्त कोरकू बोलत आणि मी त्याच्याशी फक्त मराठी बोलत होते, हे साधे कारण मला तेव्हा सुचले नाही. जमेल तिथवर मुलाला मातृभाषेतून शिकवावे असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. पण ती भाषा शिक्षकालाच येत नसेल तर कायद्यातले ते वाक्य वर्गात पोहोचणार कसे? २०११ च्या जनगणनेत सव्वासात लाखांहून अधिक लोकांनी कोरकू ही आपली मातृभाषा सांगितली आहे. मेळघाटात नेमणूक झालेल्या प्रत्येक शिक्षकाला, परिचारिकेला आणि वनरक्षकाला पहिले सहा महिने कोरकू शिकवली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. दूरचा देश पाहायला निघणाऱ्यांनीही आधी शेजारच्या डोंगरातली भाषा शिकावी, असे आम्ही दोघेही सगळ्यांना सांगत असू.

तिसरा मुक्काम म्हणून मग धारणी तालुक्यातल्या एका गावात खोली घेतली. घरमालकीण सत्तरीची. तिला आम्ही माय म्हणायचो. पहिल्याच आठवड्यात मी तिला ‘आम्ही’ या अर्थी ‘आले’ म्हणाले, तर तिने मान हलवली आणि दोन बोटे वर केली. “आलिंग,” ती म्हणाली. आले म्हणजे आम्ही पुष्कळजण, आलिंग म्हणजे आम्ही दोघेच. ऐकणाऱ्याला धरून आपण दोघे असू तर आलांग, आणि सगळे असू तर आबुंग. हिंदीत या सगळ्याला एकच ‘हम’ आहे. मराठीत आम्ही आणि आपण हा भेद आहे, त्यामुळे अर्धा धडा आम्हांला लगेच समजला. दोघांसाठीचा वेगळा शब्द मात्र आपल्याकडे उरलेला नाही. संस्कृतातले द्विवचन मराठीपर्यंत आलेच नाही. यजमानांना या शब्दाचा इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी पूर्ण पान आलिंगला दिले आणि तिसऱ्या रकान्यात ‘माय’ असे लिहिले. मग रोज संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही कुठे गेलो, काय खाल्ले हे आलिंगने सुरू होणाऱ्या वाक्यांत मायला सांगायचो, आणि चूक झाली की ती एकही सोडत नसे.

चौथ्या महिन्यात एका पहाटे त्यांच्या छातीत दुखू लागले. शेजारच्या मुलांनी जीप काढली, पण धारणीच्या दवाखान्यात पोहोचण्याआधीच ते गेले. आदल्या रात्री त्यांनी वहीत ‘जोम’ म्हणजे जेवणे हा शब्द लिहिला होता आणि संथाळीतही हाच, अशी पुढे खूण केली होती. त्याखालचे रकाने आखलेले आहेत.

सव्वा महिन्याने मी सामान आणायला गेले. माय ओट्यावरच बसली होती. तिने मला जवळ बसवले आणि गावाबाहेरच्या झाडाखाली रोवलेल्या सागवानी मुंड्यांकडे, म्हणजे गेलेल्या माणसांच्या स्मरणखांबांकडे, बोट दाखवले. तिच्या माणसाचा मुंडा त्यांतच आहे, त्यावर सूर्य आणि चंद्र कोरलेले आहेत. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. मग तिने विचारले, सकाळी काही खाल्ले का? मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि सवयीने वाक्य आलिंगने सुरू केले. ‘इंज’ म्हणायला हवे होते, मी एकटी. मायने एवढीच चूक दुरुस्त केली नाही.