आधी रस्ता, मग गुंठा

नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रात अध्यादेश निघाला आणि शहरी हद्दीतले 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले, तुकडेबंदीविरुद्धचे म्हणजे ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकड्यांचे व्यवहार फुकटात नियमित करायचे ठरले. पूर्वी यासाठी बाजारमूल्याच्या 25 टक्के भरावे लागत, 2024 मध्ये ते 5 टक्क्यांवर आले, आता शून्य. सातबाऱ्यावरचा शेरा निघेल, नाव लागेल. त्यावरून आपल्याकडे जो वाद पेटला आहे तो मात्र सगळा क्षेत्रफळाचा. गरिबाला त्याचा गुंठा मिळाला, असे एक बाजू म्हणते. शेतीची चाळण होणार, असे दुसरी.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टनमध्ये राहून पाहताना यातला क्षेत्रफळाचा मुद्दा फार महत्त्वाचा वाटत नाही. या शहराने 1998 मध्येच 610 लूप या वर्तुळमार्गाच्या आत, बदल्यात मोकळी जागा वेगळी राखण्याच्या अटीवर, 1,400 चौरस फुटांपर्यंतचे प्लॉट पाडू दिले. म्हणजे जेमतेम सव्वा गुंठा. 2013 मध्ये ती सवलत शहरभर नेली. टेक्सासने 2025 मध्ये कायदाच केला: मोठ्या शहरांत पाच एकर किंवा अधिक जागेवर नवी वसाहत होत असेल, तर 3,000 चौरस फुटांपेक्षा मोठ्या प्लॉटची सक्ती शहराला करता येणार नाही. 3,000 चौरस फूट म्हणजे पावणेतीन गुंठे. जुन्या वस्त्यांतल्या लोकांनी सह्या गोळा करून आपापल्या गल्लीपुरते किमान क्षेत्र वाढवून घेतले, ती गोष्ट वेगळी. श्रीमंत शेजाऱ्याला लहान प्लॉट कुठेच खपत नाही.

इथे कडक आहे तो क्रम. जमिनीचे भाग पाडायचे तर आधी नकाशा मंजूर करून काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) दप्तरी नोंदवायचा, त्याला ‘प्लॅट’ म्हणतात. त्याच कागदावर रस्त्याची हद्द, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांच्या पट्ट्या आखलेल्या असतात, आणि रस्त्याची जागा सार्वजनिक वापरासाठी दिल्याची मालकाची सही असते. फक्त घरांचे प्लॉट असलेल्या गल्लीला 50 फूट, इतरत्र 60 फूट. गल्लीला साधारण दर 1,400 फुटांच्या आत दुसरा रस्ता छेदलाच पाहिजे. रस्ते बांधून व्हायचे असतील, तर तेवढ्या रकमेची हमी काउंटी मागू शकते. आणि शहरी हद्दीत प्लॅट लागतो तिथे तो मंजूर असल्याच्या दाखल्याशिवाय पाणी किंवा वीज जोडता येत नाही. खरी चावी या शेवटच्या अटीत आहे.

एक बारीकशी तरतूद तर मुद्दाम पाहण्यासारखी. वसाहतीतला रस्ता शेजारच्या मोकळ्या रानाला जाऊन थांबतो, तिथे नकाशावर एक फूट रुंदीची पट्टी वेगळी दाखवतात. शेजाऱ्याने आपली जमीन प्लॅट केली की ती पट्टी आपोआप सार्वजनिक रस्ता होते. तोवर त्याला या रस्त्यावर हक्क सांगता येत नाही, आणि पुढे जोडायची वेळ आली की आधीच्या मालकाला अडवता येत नाही. आपल्याकडे दोन लेआउटच्या मध्ये जी भिंत उभी राहते आणि पुढे वीस वर्षे कोर्टात जाते, ती या एका फुटाने टळते.

आता घरचा हिशेब. एक एकर म्हणजे 40 गुंठे, 4,047 चौरस मीटर. राज्याच्या एकीकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे 4,000 चौरस मीटरच्या वर गेलात की 10 टक्के खुली जागा सोडायची, म्हणजे 4 गुंठे. गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट पाडायचे तर चौकोनी एकरात दोन रस्ते लागतात. ते नऊ मीटरचे धरले तर सव्वाअकरा गुंठे जातात. विकायला उरले 25 गुंठेही नाहीत. हेच दोन रस्ते दहा फुटांचे केले आणि खुली जागा गिळली, की 36 गुंठे विकता येतात. एकरामागे अकरा गुंठ्यांची ही कमाई विकणाऱ्याच्या खिशात जाते. किंमत भरतो तो पावसाळ्यात गटार नसलेल्या गल्लीत राहणारा. दहा फुटांत अग्निशमनाची गाडी वळत नाही. पाण्याची आणि सांडपाण्याची वाहिनी अंतर ठेवून टाकायला जागा उरत नाही. शिवाय तो रस्ता सातबाऱ्यावर मूळ मालकाच्याच नावावर राहिला असेल, तर त्याची मुले उद्या तिथे दगड टाकू शकतात. शेरा निघाल्याने यातले काहीच बदलत नाही, आणि व्यवहार नियमित झाला म्हणून बांधकाम नियमित होत नाही.

अमेरिकेने हे भोगलेले आहे. टेक्सासच्या मेक्सिको सीमेवर दोन हजारांहून अधिक ‘कोलोनिया’ आहेत: वसल्या तेव्हा पाणी नव्हते, सांडपाण्याची सोय नव्हती, शेतजमिनीचे तुकडे हप्त्याने विकलेले, हप्ते फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच. थेट आपली गुंठेवारी. 1989 पासून सरकार तिथे वाहिन्यांवर पैसा ओतत आहे. 1995 मध्ये सीमेवरच्या काउंट्यांत पाण्या-सांडपाण्याच्या सोयीशिवाय प्लॉट विकण्यावर बंधन आले. आपण 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि कधीपर्यंतचे प्लॉट त्यात बसतात ती मुदत 2021 मध्ये 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली. मुदत अशी वाढत राहिली की पुढचा प्लॉटिंगवाला पुढच्या मुदतीच्या भरवशावर दगड रोवतो.

इथले सगळे सोन्याचे आहे असेही नाही. ह्यूस्टनच्या पश्चिमेला बार्कर जलाशयालगतच्या काही वसाहतींच्या नकाशांवर ‘येथे नियंत्रित पाणी साचू शकते’ अशी टीप बारीक अक्षरात होती. नियम पाळला गेला, घरे विकली गेली, आणि 2017 च्या हार्वे वादळात ती पाण्यात गेली. शिवाय अनेक वसाहतींत वाहिन्यांचा खर्च स्वतंत्र पाणीपुरवठा जिल्हा रोखे काढून उचलतो आणि घरमालक तो वर्षानुवर्षे करातून फेडतो.

एक गोष्ट मात्र बिनदिक्कत उचलावी. 2019 पासून टेक्सासमध्ये प्लॅटच्या अर्जावर 30 दिवसांत निर्णय द्यावाच लागतो, आणि नाकारायचे तर नेमका कोणता नियम मोडला ते लिहून. मुदत टळली तर तो मंजूर समजला जातो. बिनशेती आणि लेआउटची फाइल टेबलाटेबलावर अडकत असेल, तर कायद्याने जाणाऱ्यालाच व्याज भरावे लागते आणि चोरवाट स्वस्त पडते.

आता परदेशातून गुंठा घेऊ पाहणाऱ्यांसाठी. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे सामाईक सातबाऱ्यातला हिस्सा कितीही स्वस्त असला तरी आपल्या कामाचा नाही. जागा बिनशेती असल्याचा कागद, अंतिम मंजूर लेआउट आणि क-प्रत म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, तिन्ही मागा. जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, नोंदणी क्रमांकही असला पाहिजे. मग लेआउटमधला रस्ता आज कोणाच्या नावावर आहे ते तलाठ्याकडून काढून घ्या, आणि त्यानंतरच भावाचे बोला.