शेजाऱ्याची सही कशी मिळवावी

शेजाऱ्यांनी आपल्या सुरात सूर मिसळावा, तोही न कुरकुरता, असं तुमच्या संस्थेला वाटत असेल तर युरोपीय संघाचा अभ्यास करा. आमच्या इंदूरच्या मंडळांच्या महासंघाने तो नक्कीच केलेला आहे. परवा रात्री, बरेच जण झोपल्यावर, व्हॉट्सॲपवर निवेदन येऊन पडलं: अमुक केटररवर सर्व मंडळांचा बहिष्कार. खाली यादी, यादीत आमचं मंडळ. हरकत असल्यास सकाळी नऊपर्यंत कळवावे. आम्ही ‘सहयोगी सदस्य’, म्हणजे वर्गणी द्यायची आणि बैठकीची बातमी दुसऱ्याकडून ऐकायची. त्याच केटररला कोजागिरीच्या दुधाचा ॲडव्हान्स आम्ही देऊन बसलोय. फोन केला तर म्हणतो, “भिया, एडव्हांस तो वापस नहीं होगा.” भांडण कोणाचं? अध्यक्षांचं, दिवाळी पहाटच्या बिलावरून.

तेव्हा सूचना लिहून घ्या.

मजकूर आधी पक्का करा, संमती मागाहून मागा. ब्रुसेल्समध्ये संघाचे २७ सदस्य देश निवेदनातल्या एकेका शब्दावर खल करतात. सगळ्यांचं जमलं की परराष्ट्र धोरणप्रमुख ते संघाच्या वतीने जाहीर करतात; २०२४च्या डिसेंबरपासून हे काम एस्टोनियाच्या काया कलास यांच्याकडे आहे. तयार मजकुरावर मग सदस्यत्वाच्या रांगेतले उमेदवार देश, नॉर्वे, आइसलँड अशा शेजाऱ्यांना विचारायचं, येताय ना? जे येतील त्यांची नावं शेवटी. निर्बंधांच्या बाबतीत तर वाक्यसुद्धा ठरलेलं असतं: हे देश आपलं धोरण या निर्णयाशी जुळतं ठेवतील, संघ या बांधिलकीची नोंद घेतो व तिचं स्वागत करतो. नोंद घेतो! उपकारच म्हणायचे.

नकाराधिकार घरातच ठेवा. २०२०मध्ये बेलारूसवरचे निर्बंध एकट्या सायप्रसने कित्येक आठवडे अडवले. तुर्कस्तानलाही चाप लावा, हा त्यांचा हट्ट. सदस्य अडून बसला तर ते राष्ट्रहित. उमेदवाराने नुसता स्वल्पविराम हलवा म्हटलं, तर त्याची ‘युरोपीय मूल्यांशी बांधिलकी’ तपासायला लागायचं.

बिल शेजाऱ्याच्या नावावर फाडा. आइसलँड सदस्य नाही, मत नाही. तरी २०१४च्या रशियाविरोधी निर्बंधांत सामील झाला. २०१५च्या ऑगस्टमध्ये रशियाने त्याच्या खाद्यमालावर बंदी घातली आणि बांगड्याच्या जातीच्या त्यांच्या माशाचं मोठं गिऱ्हाईक गेलं. अल्बानिया आणि मॉन्टेनेग्रोही त्याच बंदीत अडकले.

बक्षीस मात्र कायम पुढच्या वळणावर ठेवा. हे कसब शिकायचं तर उत्तर मॅसिडोनियाकडे बघा. २००५मध्ये उमेदवारी मिळाली. ग्रीस म्हणाला, तुमचं ‘मॅसिडोनिया’ हे नाव आमच्या प्रांताचं, ते बदला. आता नाव म्हणजे काय चपला आहेत, देवळाबाहेर काढून ठेवायला? तरी बिचाऱ्यांनी २०१८मध्ये करार केला, २०१९च्या फेब्रुवारीत नाव बदललं. हो, देशाचं नाव! आता तरी वाटाघाटी? ऑक्टोबरात फ्रान्स आडवा आला: आधी प्रवेशाची पद्धतच बदलू. ती बदलली. मग २०२०मध्ये बल्गेरिया उठला: तुमची भाषा आणि तुमचा इतिहास यांचं आधी बोलू. २०२२मध्ये कशीबशी औपचारिक सुरुवात झाली, तर नवी अट: राज्यघटनेत बल्गेरियन लोकांचा उल्लेख घाला. कोणी शिल्लक राहिलंय का अजून? लक्झेंबर्गला काही हवं असेल तर त्यांनीही आत्ताच सांगून टाकावं!

न ऐकणाऱ्यालाही रांगेतून काढू नका. सर्बिया २०१२पासून उमेदवार आहे, रशियावर निर्बंध लादत नाही, आणि रांगेत उभा आहे. म्हणजे शंभर टक्के जुळवून घेणारा मॉन्टेनेग्रोही बाहेर, हाही बाहेर.

हे सगळं झेपत नसेल तर आपला सार्क आहेच: १९८५च्या सनदेतच द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय चर्चेबाहेर ठेवले, आणि २०१४च्या काठमांडूनंतर शिखर परिषदच झाली नाही.

अहो, युक्रेनवर रणगाडे घातल्यावर रशियावर निर्बंध लागायलाच हवे होते. शेजाऱ्यांनी साथ दिली तेही बरोबरच केलं, आणि आमचा केटररही काही संत नाही. पण साथ मागणाऱ्याला काही जनाची-मनाची असावी की नाही? ज्याने पदरचा तोटा सोसून तुमच्या बाजूला सही केली, त्याला वीस-वीस वर्षं ओसरीवर बसवता आणि वर त्याच्या ‘प्रगतीचा अहवाल’ काढता? मताचा हक्क फक्त सदस्यांना, ठीक, तुमचा नियम तुम्हाला लखलाभ. पण नुकसान ज्याचं होणार आहे त्याला मसुदा चार दिवस आधी दाखवायला, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला कुठला करार आडवा येतो? कधीमधी अनौपचारिक बैठकीला बोलावून जेवू घातलं की झालं? आणि आमच्याकडचे ते अंगठेबहाद्दर, ज्यांनी त्या रात्री न वाचता खाली 👍 ठोकले, त्यांना तर काय बोलावं! तुमच्या मंडळाचं नाव कोणीतरी परस्पर वापरतंय, आणि तुम्ही ‘छान, छान’ लिहिता? जरा लाजा बाळगा.